खोके रद्दीत घालू नका, आम्हाला द्या!

मंडळी नमस्कार, घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. नाताळच्या सुट्टीत आपल्या चित्रकला वर्गाचं नाटक आहे, भरत नाट्य मंदिरात, आणि नेपथ्य यंदाही मुलंच करणारेत, सगळं टाकाऊतून. मागच्या नाटकातला वाडा आठवतोय ना? दिंडी दरवाजा फ्रिजच्या खोक्यांचा, त्यावरचे खिळे म्हणजे बाटल्यांची बुचं आणि दगडी जोतं अंड्यांच्या ट्रेचं! एक आजोबा मध्यंतरात आत येऊन चक्क हात लावून बघून गेले. खोके कोपऱ्यावरच्या टीव्ही-फ्रिजवाल्या काकांनी स्वतःच्या टेम्पोने पाठवले होते, भाडं विचारलं तर रागावले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आठ दिवस रोज ताजी खळ शिजवली (टिकायला मोरचूद घालतात, पण ते विषारी, पोरांच्या हातात कसं देणार). आणि ज्या ताईंनी आईची नऊवारी दिली, तिचीच नदी झाली, त्यांना काय म्हणणार.

2018 ला थर्माकोल बंद झाला तेव्हा आपल्याच कमिटीत रडारड झाली होती. आता पोरंच शिकवतात, दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवायचे, एकाच्या आतल्या नळ्या उभ्या दुसऱ्याच्या आडव्या, मग वाकत नाही, रंग दोन्ही बाजूंनी द्यायचा नाहीतर पापडासारखा वळतो. मला हे पन्नाशीत कळलं!

एक बोलतोच. मागच्या वर्षी हेच तीनदा ग्रुपवर टाकलं, अंगठे ढीगभर, माणसं आली चार. एका घरून पोतं आलं त्यात तेलाचा गळका डबा, सगळे पुठ्ठे तेलकट. कचरा नकोय हो, सामान हवंय. गणपतीच्या वर्गणीला कुणी नाही म्हणत नाही, मग पोरांच्या वेळीच... असो.

तर दिवाळीच्या आवराआवरीत निघालेले मोठे कोरडे खोके, अंड्याचे ट्रे, बुचं, जुन्या साड्या-चादरी, उरलेला डिस्टेंपर (ऑइल पेंट नको, वास जात नाही) कार्यालयात आणून द्या, संध्याकाळी 6 ते 8, सोमवार बंद. कटर मुलांना देत नाही, त्यामुळे रविवारी सकाळी 9 ते 12 दोन-तीन मोठी माणसं हवीत. पैसे फेविकॉल, लाकडी पट्ट्या, टेम्पो आणि थिएटरच्या भाड्याला, 100 रुपयेसुद्धा चालतील, क्यूआर कोड दारावर लावलाय, पावती मिळेल. सामान भाऊबीजेनंतरच्या रविवारपर्यंतच, पुढे हॉल लग्नाला दिलाय, ठेवायला जागा नाही. नंबर सगळ्यांकडे आहेच.

आपला,
चिटणीस

ता. क. खोके सेलोटेप काढून, सपाट करून आणलेत तर फार उपकार होतील.