समुद्र उथळ, पण विहीर?

मा. संपादक,
मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलविहिरींवरची आपली बातमी वाचली. ‘पाणी उथळ असल्याने धोका कमी’ हे वाक्य खटकलं. चौदा दिवस रिगवर आणि चौदा दिवस पुण्यात अशी नोकरी कित्येक वर्षं केली, म्हणून हा पत्रप्रपंच.

बॉम्बे हायला पाणी साधारण ७५ मीटर. ऑस्ट्रेलियाजवळच्या तिमोर समुद्रात माँटारा क्षेत्रातही जवळपास तेवढंच. तिथली विहीर २१ ऑगस्ट २००९ ला उसळली आणि ७४ दिवस तेल-वायू वाहत राहिला. चौकशीत पाण्याच्या खोलीचा काही संबंध निघाला नाही. केसिंगच्या (विहिरीत आतून बसवलेल्या पोलादी नळीच्या) तळाशी सिमेंट भरताना परत आलेला द्रव पुन्हा आत ढकलला होता, त्याने सिमेंट बिघडलं. ते पक्कं बसलंय का, याची दाबचाचणी नंतर केलीच नाही.

चाचणी केली म्हणजे झालं, असंही नाही. आतून दाब देऊन केसिंग तो धरतं का, हे बघणं सोपं. खरी कसोटी उलटी: आतला दाब मुद्दाम उतरवायचा आणि बाहेरून काही आत शिरतंय का, हे थांबून पाहायचं. मेक्सिकोच्या आखातात, खोल पाण्यात, २० एप्रिल २०१० ला हीच चाचणी झाली होती. ड्रिल पाइपवर १४०० पीएसआय दाब दिसत होता, तो शून्य हवा होता. त्याला काहीतरी कारण चिकटवून चाचणी पास धरली गेली. त्याच रात्री ती विहीर उसळली आणि ११ माणसं गेली.

कारण चिकटवायची ही सवय घरीही दिसते. गेल्या वर्षी कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचे पाइप बदलले. टाइल्स लावण्याआधी प्लंबरने हातपंपाने दाब दिला. चहा होईपर्यंत गेजचा काटा खाली आला. म्हणाला, “काका, पाइपात हवा राहिलीय, बाकी काही नाही.” मी टाइल्स लावू दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एका एल्बोतून थेंब गळताना दिसला. (सौ.चं म्हणणं, मी रिग घरी आणली.)

पुढच्या वेळी ‘चाचणी यशस्वी’ असं पत्रक आलं, तर आपल्या बातमीदाराने एवढंच विचारावं: दाब चढवून पाहिलं की उतरवून, काटा किती मिनिटं हलला नाही, आणि हलला असेल तर कारण कोणी लिहिलं?

एक निवृत्त वाचक, कोथरूड, पुणे