सूचना : हिवाळ्यात पाण्यातच राहणाऱ्या मोटरबोटींबाबत

सभासदहो, नमस्कार. बोट बाहेर न काढता धक्क्यालाच बांधून ठेवणार असाल, तर कडाक्याची थंडी पडण्याआधी इंजिनाचं काम उरकून घ्या. इंजिनात राहिलेलं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि तेवढ्यानं बिडाच्या ब्लॉकलाही तडा जातो. बोटीखालचं पाणी गोठलं नाही म्हणजे इंजिन सुरक्षित, असं धरून चालू नका. बाहेरचं पाणी खेचणाऱ्या इंजिनात प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारा द्रव) फिरवा, एक्झॉस्टमधून त्याचा रंग दिसेपर्यंत. मग सीकॉक (बोटीच्या तळातल्या पाण्याच्या वाटांचे व्हॉल्व्ह) बंद करा, पण कॉकपिटच्या (चालकाच्या उघड्या जागेच्या) निचऱ्याचे उघडेच राहू द्या. नाहीतर पावसाचं पाणी आतच तुंबतं.

बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता खटका, हातानं उचलून बघा, पंप लगेच घरघरला पाहिजे. बॅटरी उतरली की तो पंप नुसता शोभेचा!

दोर दुहेरी बांधा आणि जिथे घासतो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा चढवा. गेल्या हिवाळ्यात माझाच दोर ३ पेडांवरून १ वर आला होता, वरून पाहता काही कळलंही नसतं.

आठवड्यातून एक फेरी माराच. वादळ किंवा बर्फ पडून गेल्यावर तर त्याच दिवशी. जमणार नसेल, तर जादा किल्ली शेजारच्या बोटवाल्याकडे देऊन ठेवा.