विन्स्टन सगळ्यांनाच व्हायचंय

प्रिय बाळ्या,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. रात्री दोनला लिहिलायस, त्यावर वेगळं बोलू. ऑर्वेलची १९८४ ही कादंबरी संपवलीस, लगेच हक्सलेची ब्रेव्ह न्यू वर्ल्ड पण, आणि आता तुझं मत असं की जगात दोनच प्रकारची माणसं, एक मेंढरं आणि दुसरी स्वतःची अक्कल वापरणारी, आणि तू अर्थातच दुसऱ्या प्रकारातला. फोनवर हे बोलायला गेलं की तू तरी चिडतोस नाहीतर मी तरी, म्हणून लिहायला बसले.

या पुस्तकांची गंमत बघ, वाचणारा प्रत्येक जण स्वतःला १९८४ च्या नायकाच्या, विन्स्टनच्या जागी बसवतो. गर्दीत ओरडणारा तो मी, असं वाचताना कुणाला म्हणजे कुणालाच वाटत नाही. हल्ली टीनएजर पोरांसाठी अशा जुलमी भविष्याच्या ज्या डिस्टोपियन सिरीज येतात त्यात तर हिरॉइन जन्मापासूनच स्पेशल, कुठल्याच साच्यात न बसणारी, आणि त्या सिरीज सगळ्या एकाच साच्यातल्या. ऑर्वेल निदान वाचकाला इतका मस्का लावत नाही. दोन मिनिटांच्या द्वेषाचा प्रसंग परत काढून वाच. स्क्रीनवर सत्ताधारी पार्टीच्या शत्रूचा, गोल्डस्टाइनचा चेहरा येतो, लोक किंचाळायला लागतात आणि आपला विन्स्टनसुद्धा ओरडतोय, खुर्चीच्या दांडीवर टाच आपटतोय. भाग घ्यायची सक्ती आहे हे भयंकर नाहीच, तीस सेकंदांनंतर नाटक करायची गरजच उरत नाही हे भयंकर आहे. म्हणजे ज्याला तू आपला हिरो म्हणतोस तोही गर्दीत गेला की गर्दीच होतो.

आणि ब्रेव्ह न्यू वर्ल्डमधला तो बर्नार्ड मार्क्स, जो तुला इतका आवडलाय. मला तो माणूस पहिल्यापासून खटकला. तो वेगळा आहे कारण उंची कमी पडली, लोक मागे कुजबुजतात, पोरी भाव देत नाहीत. आणि मग तो त्या समाजाबाहेर वाढलेल्या जॉनला घेऊन येतो, सगळीकडून आमंत्रणं यायला लागतात, आणि साहेबांचं बंड कुठल्या कुठे गायब! ज्या समाजाला नावं ठेवत होता तोच गोड लागायला लागला. त्याला समाज बदलायचा नव्हताच, समाजाने आपल्याला घेतलं नाही याचा राग होता. त्याचा मित्र हेल्महोल्ट्झ बघ त्याच्या बाजूला. त्याच्याकडे सगळं आहे, रूप, नाव, काम, तरी त्याला काहीतरी लिहायचंय जे तिथे लिहिता येत नाही, आणि शेवटी हद्दपार करताना कुठल्या बेटावर पाठवू असं विचारल्यावर तो मुद्दाम वाईट हवेचं बेट मागतो, तिथे बरं लिहिता येईल म्हणून. तू यातला कोण हे मी ठरवत नाही, तूच बघ.

आता माझा मुद्दा. तू लिहिलंस की या कादंबऱ्या म्हणजे एकटा माणूस विरुद्ध समाज. मला नाही तसं वाटत. मला वाटतं त्यात सत्ता माणसाला सगळ्यांसारखा करते आणि त्याच वेळी एकटाही पाडते, दोन्ही एकदम, आणि दुसऱ्याशिवाय पहिलं जमत नाही. १९८४ मध्ये विन्स्टनच्या शेजाऱ्याची, पार्सन्सची चिमुरडी बापाला पकडून देते आणि तो तुरुंगात बसून तिचं कौतुक करतो, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. विन्स्टनला पार्टी नुसती मारून टाकत नाही ना? १०१ नंबरच्या खोलीत उंदरांचा पिंजरा समोर आल्यावर त्याच्या तोंडून वदवून घेतात की मला नको, हे ज्युलियाला, म्हणजे त्याच्या प्रेयसीला, करा. मग सोडून देतात. नंतर ती दोघं पार्कात भेटतात, मी तुझं नाव दिलं, मी पण तुझं दिलं, संपलं. आता त्याच्यावर पहारा ठेवायची तरी गरज काय. झमियातिन या रशियन लेखकाचं वुई तू अजून वाचलेलं नाहीस (ऑर्वेलच्या आधीचं, १९२०-२१ च्या सुमाराला लिहिलेलं, इंग्रजीत १९२४ ला आलं आणि लेखकाच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं), त्यात घरांच्या भिंती काचेच्या, माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि तरी सरकारचं समाधान होतं कधी, तर जिच्यामुळे नायक जागा झाला तिचा छळ तो समोर बसून शांतपणे बघू शकतो तेव्हा. हे माणसाच्या 'मी'वर तुटून पडतात असं तू म्हणतोस, मला तर ते 'आपण दोघं'वर तुटून पडलेले दिसतात.

हे नुसतं कादंबऱ्यांतलं नाही. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर, म्हणजे तुझ्याच वयाच्या, एक प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, पहिलीएवढी कुठली ते सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅशने पढवून आणलेले, ते एकापाठोपाठ एक अगदी सहज चेहऱ्याने तेच चुकीचं उत्तर देतात आणि मग या एकट्याची पाळी येते. एकट्याने उत्तर दिलं तर १०० मध्ये १ पण चूक होत नाही, आणि इथे एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं गर्दीच्या मागे गेली. साधारण पाव मंडळी मात्र शेवटपर्यंत बधली नाहीत. इथपर्यंत सगळे सांगतात आणि म्हणतात बघा माणूस कसा मेंढरू. पण अ‍ॅश पुढे गेला. त्याने त्या पढवलेल्या लोकांत एक खरं बोलणारा बसवला, फक्त एक, आणि चुका चौथाईवर आल्या! गर्दी तेवढीच, रेघा त्याच. म्हणजे त्या पोरांना बहुमत नको होतं, एक सोबती हवा होता. आणि मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट पुढची. हा सोबती अर्ध्यात फिरला आणि बहुमताकडे गेला तर चुका परत होत्या तिथे जायच्या. पण तो काम आहे सांगून खोलीबाहेर गेला तर चुका वाढल्या खऱ्या, तेवढ्या नाही वाढल्या. तो गेल्यावरही त्याचं बोलणं थोडं तिथे राहिलं होतं.

हे तुला का सांगतेय ते कळलं असेल. तुझ्या क्लासच्या ग्रुपवर परवा कुणीतरी टाकलं की अमक्याला प्रोजेक्टमध्ये नको घ्यायला, स्लो आहे, आणि खाली अंगठे पडत गेले, एक, दोन, मग धडाधड, आणि तू काही न लिहिता ग्रुप सोडलास आणि मला फोनवर शौर्य सांगितल्यासारखं सांगितलंस. अरे, ग्रुपवर जे दिसलं ते फक्त 'लेफ्ट' एवढंच ना. कुणाला काय कळणार तू का गेलास, रेंज गेली का फोन बदलला. त्या अंगठ्यांमधले किती खरे होते असं तुला वाटतं? दहावा अंगठा टाकणारा आधीचे नऊ बघून टाकतो आणि अकरावा त्याचा बघून. कम्युनिस्ट राजवटीतल्या चेक लेखक व्हाक्लाव हावेलने १९७८ मध्ये असाच एक भाजीवाला रंगवला होता, कांद्या-गाजरांमध्ये दुकानाच्या काचेत 'जगातल्या कामगारांनो एक व्हा' अशी पाटी लावणारा. त्या पाटीतल्या मजकुराशी त्याला काही देणंघेणं नाही, सगळे लावतात, नाही लावली तर कटकट होईल, म्हणून लावली. पण ती लागली की शेजाऱ्याला लावणं भाग पडतं. सगळे एकमेकांना घाबरून एकमेकांना घाबरवतायत, आणि यात दुष्ट म्हणावा असा माणूस शोधून सापडत नाही. त्यांना मेंढरं म्हणून तुला दोन मिनिटं भारी वाटेल, पण 'मला नाही पटलं, मी घेतो त्याला माझ्या टीममध्ये' असं एक वाक्य आधी टाकलं असतंस आणि मग खुशाल बाहेर पडला असतास तर? मला काही गॅरंटी नाही, कदाचित तुझीच टर उडवली असती. पण कुठला तरी अकरावा थबकला असता की.

आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं व्हायची पण गरज नाही रे. सिग्नलला सगळे थांबतात तिथे थांबावं, रांगेत उभं राहावं, लस टोचून घ्यावी, त्याने तुझं व्यक्तिमत्त्व कुठे पळून जात नाही. मी बारा महिने सगळ्यांसारखीच जगते, कपडे, नोकरी, शुभेच्छांचे फॉरवर्ड सगळं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. ज्या माणसाने वेगळेपणा केसांवर आणि प्लेलिस्टवर खर्च करून टाकलाय त्याच्याकडे ऐन वेळेला शिल्लक काय राहणार, असं उलट मला वाटतं. तुझ्या केसांबद्दल बोलत नाहीये (थोडं बोलतेय).

तर त्या मुलाला फोन कर. मेसेज नको, फोन. त्याच्याबरोबर प्रोजेक्ट करायचा की नाही ते तुझं तू ठरव, खरंच स्लो असेल तर वैतागशीलही, पण ग्रुपवर काय झालं ते त्याला आपल्यातल्या कुणाकडून तरी कळू दे. आणि वुई मिळालं तर आधी वाच आणि मग माझ्याशी भांड. बाबांना हे पत्र वाचून दाखवलं, त्यांना अर्धंच पटलंय. त्यांचं म्हणणं मी एकट्या माणसाला फार स्वस्तात काढतेय, त्या न बधलेल्या पाव लोकांबद्दल एक वाक्य लिहून पुढे गेले आणि खरी गोष्ट तिथेच होती. ते तुला वेगळं लिहिणार आहेत म्हणे. वाट बघ, त्यांचं अक्षर लागलं तर मला पण सांग काय लिहिलंय ते.

तुझी
आई