शऱ्यास पत्र, दोन वर्षांनी

नाशिक,
शनिवार, कोजागरी होऊन गेली

प्रिय शऱ्या,

फोनच करणार होतो, पण तू हसला असतास आणि मी पुन्हा फोन आपटला असता. म्हणून पत्र. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, साखर ही मोजून देते.

गेल्या रविवारी पांडवलेण्याच्या पायथ्याशी, वनोद्यानात, सीझनचा पहिला पक्षी-वॉक होता. चौदा जण. एकाच्या अंगात भगभगीत केशरी टी-शर्ट, दुसऱ्याच्या खिशात वेफर्सचं पाकीट. त्या पाकिटाच्या कुरकुरीने सगळे वैतागले होते म्हणे. मला पत्ता नाही.

मी आपला पुढे, ‘आधी ऐका, मग बघा’ हे ठरलेलं कीर्तन लावून. एक सातवीतली मुलगी म्हणाली, “काका, वटवट्या.” म्हटलं, कुठे? “हा काय, केव्हाचा ओरडतोय!” मी कान दिला. भारद्वाजाचा घुमकार आला, तांबटाचं टुकटुक आलं, हायवेवरचे ट्रक आले. वटवट्या काही येईना. “हायवेमुळे नीट कळत नाही,” असं मी ठोकून दिलं. तिने मुकाट्याने मोबाइल पुढे केला. मर्लिनवर, त्या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपवर, ग्रीनिश वॉर्बलरचं, म्हणजे याच वटवट्याचं, नाव उजळत होतं, विझत होतं, पुन्हा उजळत होतं. मग करंजाच्या शेंड्याला तो दिसलाही. फिकट भुवई, पंखावर एक पट्टी, पानाखाली लगबग. चोच उघडली की मोबाइलवर नाव उजळायचं. माझ्यापर्यंत काहीच नाही.

पुढे दहा फुटांवर शिंजीर. नर, पण सध्या जुनेरं नेसलेला. पिवळट पोटावर गळ्यापासून काळी रेघ तेवढी उरलेली. गळ्याची पिसं थरथरत होती. केशरी टी-शर्ट विचारतो, “सर, काय म्हणतोय हा?” मी म्हटलं, “त्यालाच विचार.” सगळे हसले. मीही हसलो.

मिसळीला थांबलो नाही. यावरूनच ओळख.

बुधवारी कान तपासून आलो. त्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ बरी चालते आणि चार हजार हर्ट्‌झनंतर कसारा घाट उतरते. दोन्ही कानांची. वयाने होतं, बारीक आवाज आधी जातात, बोलणं बरंच टिकतं, असं त्या बाई म्हणाल्या. घरी आल्यावर हिला थर्मामीटर आठवला. पावसाळ्यात वाजत नाही म्हणून मी टाकून दिला, नवा आणला, तोही वाजेना म्हणून दुकानदाराशी भांडून परत केला. दोन्ही वाजत होते रे.

पण खरं दुखणं कान नाही. त्यावर मशीन आहे, किंमत ऐकून (ती स्पष्ट ऐकू आली) बसलो होतो, पण घेईन. दुखणं वह्यांचं आहे. परवा रात्री गेल्या दहा वर्षांच्या काढून बसलो. पाणकाठचे धोबी मी डोळ्यांनी मोजतो, ते होते तेवढेच. भारद्वाज, तांबट, कोकीळ, तेवढेच. चष्मेवाले कमी कमी होत गेलेत. वटवटे तर सहा, चार, दोन, आणि गेली दोन वर्षं शून्य. ज्याचा आवाज जितका बारीक, तो तितका आधी नाहीसा. शऱ्या, ही पक्ष्यांची वही नाही, माझा ऑडिओग्राम आहे!

आणि या वहीच्या जोरावर मी काय काय बोललो! ट्रॅकचं सिमेंट, रात्रीचे दिवे, छाटलेली झाडं. पक्षी सप्ताहात दोनदा भाषण ठोकलं, ‘वटवटे नाशिकला विसरले.’ जेमतेम आठ ग्रॅमचा जीव, हिमालय-सायबेरियाकडून रात्री-रात्री उडत येतो, माझ्या डोक्यावर बसून ओरडतो, आणि खाली मी माइकवर सांगतोय की तो आलाच नाही. लोक माना डोलवत होते.

दिवे-सिमेंटचा काहीच दोष नाही, असंही नाही म्हणवत. काही पक्षी खरोखर कमी झाले असतील. पण त्यात पक्षी किती गेले आणि माझे कान किती गेले, हे आता कसं वेगळं काढायचं? मला रात्री झोप लागत नाही ती यावर. ५ नोव्हेंबरला, चितमपल्लींच्या जन्मदिवशी, सप्ताह सुरू होतो, १२ला सलीम अलींच्या जयंतीला संपतो, आणि पहिल्याच दिवशी माझं भाषण ठेवलंय. विषय तोच. पत्रिका छापून झाल्यात.

तू तेव्हा फोनवर म्हणाला होतास, “पक्षी राहू दे, आधी कान तपास.” थट्टेत म्हणालास, मला ठाऊक आहे. पण मला कान सांगणारा तू कोण, असं वाटलं. तू औरंगजेब, भूप आणि भैरवी तुला सारखेच. नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या बांधावर पाणगवताच्या गचपणातला तो पक्षी मी नुसत्या आवाजावरून सांगितला, तू तासभर चिखलात उभा राहून तो डोळ्यांनी खरा केलास, आणि मिसळीचे पैसे तरीही दिले नाहीस. डोळे तुझे, कान माझे, असं आपलं ठरलेलंच होतं. त्यातला माझा वाटा तूच काढून घेतोयस, असं वाटलं. दोन वर्षं बोललो नाही. चूक माझी. एकदाच लिहितोय, पुन्हा वाचायची असेल तर हे पान जपून ठेव.

वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना चढतात का? ईशानचं जर्मनीचं झालं की अजून कागदच?

आता काम. तू दर दिवाळीला यायचास तेव्हा आपण त्याच पायवाटेवर, पण आपापल्या वह्यांत मोजायचो. तुझे आकडे नुसत्या नजरेचे. त्या सकाळी तुला किती वटवटे दिसले आणि मी किती लिहिले, हे शेजारी-शेजारी ठेवायचंय. त्या पानांचे फोटो पाठव, ५ तारखेच्या आधी. भाषणात काय बोलायचं ते त्यावर ठरेल. अक्षर लागलं नाही तर मीच फोन करीन. तुझा आवाज ऐकू येईल, भारद्वाजाच्या पट्टीतला आहे.

तुझा,
बाळ्या