खांदा अडकल्यावर १०८ कामाला येत नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,

मी निवृत्त परिसेविका आहे. नोकरीचा मोठा भाग सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत गेला. तक्रार कोणाचीच नाही, मला एक परिपत्रक हवं आहे: बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला तर काय करायचं, याच्या सरावासाठी.

बाळाचं डोकं बाहेर येतं आणि पुढे काही सरकत नाही. गाल आईच्या अंगाला चिकटून बसतात, हनुवटी परत आत ओढली जाते, चेहरा जांभळा पडू लागतो. बाळाचा वरचा खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकलेला असतो. यालाच डॉक्टर शोल्डर डिस्टोसिया म्हणतात. छाती आवळलेली, नाळ दाबलेली. हातात मोजकी मिनिटं असतात.

बाळंतिणीला रक्तस्राव झाला तर इंजेक्शन देऊन, सलाईन लावून जिल्ह्याला पाठवता येतं. झटके आले तर मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवणारं इंजेक्शन, देऊन पाठवता येतं. खांदा अडकला की १०८ बोलावण्यात अर्थ नसतो. त्या क्षणी खोलीत जी माणसं आहेत तीच बाळाला वाचवणार. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात ती कोण असतात, हे आपल्या खात्याला चांगलं ठाऊक आहे: एक अधिपरिचारिका, एक मावशी, फार तर क्वार्टरमधून धावत आलेले डॉक्टर.

‘मोठी बाळं आधीच ओळखून मोठ्या रुग्णालयात पाठवू’ हे उत्तर बैठकीत हमखास येतं. गरोदरपणातली साखरेची तपासणी चुकता कामा नये, कारण मधुमेही आईच्या बाळाच्या खांद्यांवर चरबी जास्त चढते. पण ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खांदा अडकलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी चार किलोच्या आतली असतात, आणि सोनोग्राफीतलं वजन म्हणजे शेवटी अंदाज. म्हणजे हा प्रसंग कुठल्याही टेबलावर न सांगता येणार.

करायचं काय, हे पुस्तकात आहे. आईचे दोन्ही गुडघे दोघींनी धरून पोटाकडे पूर्ण दुमडायचे. याला मॅकरॉबर्ट्स म्हणतात, आणि बरेचदा एवढ्यानंच खांदा सुटतो. नाही सुटला तर तिसऱ्या व्यक्तीनं जघनाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या अगदी वर, बाळाच्या पाठीच्या बाजूनं तळहाताच्या टाचेनं दाबायचं. मग आत हात घालून बाळाचा मागचा हात बाहेर काढायचा किंवा आईला हातागुडघ्यांवर ओणवं करायचं. (ही ओणवं करायची रीत अमेरिकेत पोहोचली ती ग्वाटेमालाच्या सुईणींकडून. सुईणींना अडाणी म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

प्रत्यक्षात मात्र धांदल उडते. ‘जोर लाव, जोर लाव’ असा ओरडा होतो, कोणीतरी पोटाच्या वरच्या टोकावर भार टाकतं आणि कोणीतरी डोकं धरून खाली ओढतं. वरून दाबल्यानं खांदा हाडामागे आणखी घट्ट बसतो, गर्भाशय फाटण्याचीही भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत तर साध्या बाळंतपणातही असा दाब देऊ नये असं म्हटलंय. मान ओढली की खांद्याकडे जाणारे मज्जातंतू ताणले जातात आणि बाळाचा हात लुळा पडतो. पुष्कळ बाळांचा हात काही महिन्यांत सुधारतो, काहींचा जन्मभर तसाच राहतो.

सराव केला की फरक पडतो का? इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयानं आपल्या साऱ्या प्रसूती कर्मचाऱ्यांना दरवर्षी सराव सक्तीचा केला. खांदा अडकलेल्या बाळांमधल्या इजांचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. हे आकडे २००८ साली छापून आले. तिथली माणसं आपल्यापेक्षा हुशार होती असं नाही. एकत्र, त्याच खोलीत, पुन्हा पुन्हा करून पाहिलं, इतकंच.

आपल्याकडे प्रसूतिकक्ष सुधारण्याचा केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. प्रसूतिकक्ष चकाचक झाले, भिंतींवर तक्ते लागले. तक्ता वाचून हात चालत नाहीत, साहेब. प्रशिक्षणाला एका सिस्टरला जिल्ह्याला पाठवतात. ती शिकून येते, आणि वर्षभरात तिची बदली होते. पाय धरणारी मावशी तर कुठल्याच प्रशिक्षणाच्या यादीत नसते.

म्हणून परिपत्रकात एवढं असावं. जिथे जिथे बाळंतपणं होतात त्या प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत, बाहुली घेऊन अर्धा तास सराव. त्यात सिस्टर, डॉक्टर, मावशी, सगळे. एकीनं घड्याळाकडे बघून वेळ मोठ्यानं सांगायची, कारण घाईत मिनिटांचं भान राहत नाही. डोकं किती वाजता आलं आणि धड किती वाजता, हे केसपेपरवर लिहिणं बंधनकारक. पोटाच्या वरून दाब देण्यास स्पष्ट मनाई. आणि प्रत्येक टेबलाशेजारी एक पायरीचं स्टूल. बुटक्या सिस्टरला टेबलाच्या उंचीमुळे जघनावर नीट जोर देता येत नाही, आणि ऐनवेळी स्टूल शोधायला कोणी पळणार नसतं. स्टूल रुग्ण कल्याण समितीच्या निधीतूनही येईल, सराव मात्र आपल्या सहीशिवाय सुरू होणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका