पिल्लू घरी येण्यापूर्वी: लेकीस पत्र

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

गेले वर्षभर तू जे मागत होतीस, त्याला तुझ्या बाबांनी आणि मी होकार दिला आहे. आपण पाहून आलो त्या कुत्रीची पिल्ले आज सहा आठवड्यांची झाली आहेत, आणि त्यांतले कपाळावर पांढरा ठिपका असलेले पिल्लू आणखी दोन आठवड्यांनी आपल्याकडे येईल. समोर बसून सांगण्याऐवजी मी हे लिहून देते आहे, कारण यातल्या काही गोष्टी तुला पुन्हा पुन्हा काढून पाहाव्या लागतील.

हे दोन आठवडे का थांबायचे, ते आधी सांगते. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान मिटलेले असतात. साधारण १० ते १४ दिवसांनी डोळे उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून भावंडांशी झोंबाझोंबी सुरू होते. त्या खेळात एखाद्याने फार जोरात चावा घेतला की दुसरे कळवळून ओरडते आणि खेळ तिथेच मोडतो. दात किती लावायचे, हे पिल्लू असे शिकते. लवकर उचलून आणलेल्या पिल्लाचे हे शिक्षण अर्धवट राहते आणि पुढे ते आपल्या हातांवर पुरे करावे लागते. तिसऱ्या ते सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा हा काळ फार मोलाचा आहे. या दिवसांत जे निर्धास्तपणे पाहिले, ऐकले, हुंगले, त्याची भीती कुत्र्याला सहसा राहत नाही. म्हणून घरी आल्यावर त्याला उघडलेली छत्री, दाराची घंटा, काठी घेऊन चालणारी वृद्ध माणसे, धावणारी मुले हे सारे लांबून आणि थोडे थोडे दाखवायचे आहे. ते मागे सरले तर आपणही थांबायचे.

याच काळात लसीकरणही चालू असेल. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यावी लागते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाचे रक्षण करते, पण तीच लसीचा परिणामही होऊ देत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, तेव्हा सगळ्या लसी होईपर्यंत अनोळखी कुत्रे फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडायचे नाही. जग दाखवायचे ते कडेवर घेऊन. रेबीजची लस पशुवैद्य सांगतील त्या दिवशी, एकही दिवस न चुकवता. आणि हे नीट लक्षात ठेव: कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागून ओरखडा जरी उठला, तरी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि तत्काळ मला सांगायचे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही; वेळेवर घेतलेल्या लसीने मात्र हा रोग टळतो. मी रागावेन या भीतीने काही लपवू नकोस.

तुला एक जुनी हकिगत सांगते. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल येथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत एक कबर सापडली. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या त्या कबरीत एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा एकत्र पुरलेले होते. कुत्रा जेमतेम सात महिन्यांचा होता. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून संशोधकांनी असे अनुमान काढले की, त्याला लहानपणी बहुधा डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य रोग झाला होता आणि कोणीतरी त्याला ऊब, पाणी आणि स्वच्छता दिल्याखेरीज तो त्या दुखण्यात इतके आठवडे तगलाच नसता. आजारी पिल्लाचा शिकारीला काहीच उपयोग नव्हता, तरी कोणीतरी त्याच्याजवळ बसले होते. हे वाचल्यापासून ती कबर माझ्या मनातून जात नाही. डिस्टेंपरवर आज लस आहे, आणि ती आपल्या पिल्लाला मिळणार आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कुत्रा मुका आहे असे आपण म्हणतो, पण तो दिवसभर बोलत असतो. ते वाचण्याचे काम आपले. शेपूट हलली म्हणजे तो आनंदात आहे असेच नसते. सैल अंगाने सगळी कंबर हलवत हलणारी शेपूट वेगळी, आणि ताठ अंगावर उंच धरून भरभर हलणारी वेगळी. झोप आली नसताना जांभई देणे, समोर खाणे नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, मान वळवणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, हे सगळे तो "मला हे नको आहे" म्हणून सांगत असतो. गळ्यात हात टाकून मिठी मारलेली बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही; हवे तर ते आपण होऊन अंगाला टेकतात. माझ्या लहानपणी आमच्याकडे मोती होता. एके दिवशी मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर त्याने मान काढून घेतली, दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशी तो गुरगुरला. मी त्याला रागावले. चार दिवसांनी कळले की त्याचा कान आतून चिघळला होता. त्याने तीन वेळा सांगितले होते आणि मी एकदाही ऐकले नाही, याचे दुःख मला आजही आहे. गुरगुरण्यासाठी कुत्र्याला कधी शिक्षा करू नकोस. तो इशारा दाबून टाकला, तर पुढच्या वेळी इशारा न देताच चावा येतो.

घरात घाण केल्यावर तासाभराने ओरडूनही काही साधत नाही. आपले कोणते वागणे चुकले, हे त्याला कळत नाही. आपला चढलेला आवाज मात्र कळतो. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, ज्याला आपण कुत्र्याचा "अपराधी चेहरा" म्हणतो, तो काहीही चूक न केलेल्या कुत्र्यांच्या तोंडावरही मालक रागावताच दिसतो. म्हणून झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला लगेच बाहेर न्यायचे, आणि योग्य जागी विधी झाला की त्याच क्षणी कौतुक करायचे.

चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कच्चा वा शिजवलेला कांदा आणि लसूण, तसेच झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले च्युइंगम हे सारे त्याच्यासाठी विष आहे. आपल्या घरातली औषधेही तशीच, पॅरासिटामॉलसुद्धा. अंग आपल्याहून गरम लागले तर घाबरू नकोस, ३८ ते ३९ अंश सेल्सिअस हे त्याचे नेहमीचेच तापमान आहे. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. अंग थंड करायचे ते धापा टाकून. त्यामुळे बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही ठेवायचे नाही, आणि उन्हात फिरवण्यापूर्वी रस्त्यावर आपला हात उलटा टेकवून पाहायचा. पिल्लाला उलट्या आणि जुलाब एकदम सुरू झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यांकडे जायचे. अंघोळ, नखे, जंतांचे औषध, गोचीड पाहणे हे मी तुला करूनच दाखवेन.

कुत्रे साधारण १० ते १३ वर्षे जगते. तू शिक्षणासाठी बाहेर पडशील तेव्हा ते म्हातारे झालेले असेल, आणि तेव्हा त्याला आम्ही सांभाळू. ते आम्ही ठरवूनच होकार दिला आहे. सकाळचे फिरवणे मात्र आतापासून तुझ्याकडे.

उद्या एक काम कर. तुझी जुनी सुती चादर न धुता पिशवीत घालून ठेव. ती आपण पिल्लांच्या आईच्या अंथरुणात ठेवायला देणार आहोत. त्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहेत. दोन आठवडे तुझ्या वासाशेजारी निजल्यावर ते इथे येईल, आणि त्याच चादरीवर आईच्या आणि भावंडांच्या वासात आपल्या घरातली पहिली रात्र काढेल. त्या रात्री ते रडले, तर चादर तुझ्या पलंगाशेजारी अंथर आणि हात खाली सोडून झोप.

तुझी,
आई