मेंटॉर मंडळींना खुलं आभारपत्र: तुमच्या एका तासात नेमकं काय घडतं

प्रिय मेंटॉर मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

परक्या देशात नव्याने आलेल्या इंजिनिअर, नर्स, फार्मासिस्ट, अकाउंटंट, शिक्षक अशा मंडळींना त्यांच्याच व्यवसायात पुन्हा उभं राहता यावं म्हणून तुम्ही विनामोबदला वेळ देता. जोड्या जुळवणं, नोंदी ठेवणं, कुठे अडलं तर मध्ये पडणं हे आमचं काम. त्यामुळे तुम्ही काय काय करता ते आम्हाला जवळून दिसतं. नुसतं ‘धन्यवाद’ लिहून भागणार नाही, म्हणून कशाकशासाठी आभार मानतो आहोत ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी आभार, माणसाचा अनुभव नीट वाचल्याबद्दल. भरती करणाऱ्याच्या हातात बायोडेटा पडतो तेव्हा त्यातली कंपनी त्याने ऐकलेली नसते, विद्यापीठ माहीत नसतं, हुद्द्याचा अर्थ लागत नसतो. ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ हा शब्द बांधकामात एक सांगतो आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसरंच. त्याच व्यवसायातला मेंटॉर मात्र लगेच पुढचा प्रश्न विचारतो: तुमच्या हाताखाली किती माणसं होती, डिझाइनवर सही कोणाची, चूक निघाली तर जाब कोणाला विचारायचे? या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून जे बाहेर येतं ते मूळ बायोडेटात बहुतेक वेळा कुठेच नसतं.

एक उदाहरण देतो, कारण अशा तपशिलासाठीच मेंटॉर त्याच धंद्यातला लागतो. काँक्रीटची ताकद काही देशांत घनाकृती नमुन्यावर मोजतात, काही देशांत दंडगोलावर. त्याच काँक्रीटचा दंडगोलावरचा आकडा घनाच्या साधारण 80 टक्के भरतो. युरोकोड या युरोपच्या बांधकाम-नियमावलीत म्हणूनच सी 25/30 असे दोन्ही आकडे, आधी दंडगोलाचा आणि मग घनाचा, शेजारी शेजारी लिहितात. अमेरिकेच्या एसीआय 318 या काँक्रीटच्या नियमावलीत मात्र दंडगोलाचाच हिशेब चालतो. आयुष्यभर घनाच्या आकड्यांवर काम केलेला इंजिनिअर मुलाखतीत नुसतं ‘तीसचं काँक्रीट’ म्हणाला, तर समोरच्याला वेगळंच काँक्रीट ऐकू येतं. त्याला विषय येत नाही असा शिक्का बसतो आणि तो का बसला हे त्याला कोणी सांगतही नाही. तुम्ही हे आधीच सांगता. शिवाय त्याने पूर्वी केलेल्या एखाद्या तुळईचं गणित इथल्या कोडप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, पुन्हा करून आणायला लावता, म्हणजे ‘कोडची ओळख आहे’ हे वाक्य बायोडेटात लिहिताना त्याच्यामागे खरंखुरं काम असतं.

रुग्णालयांतल्या मेंटॉरचंही तसंच. रक्तातली साखर एकीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात, दुसरीकडे मिलिमोल प्रति लिटरमध्ये. 18 ने भागायचं. 126 चे 7 होतात. पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनालिनला एपिनेफ्रिन. औषध तेच, ज्ञानही तेवढंच. पण नावाशी माणूस अडखळला की समोरचा ज्ञानावरच शंका घेतो. दहा-पंधरा नावांचा एक कागद करून दिलात, त्याचा उपयोग एखाद्या महागड्या कोर्सपेक्षा जास्त झालेला आम्ही पाहिला आहे.

परवान्याचा गुंता सोडवून दिल्याबद्दल दुसरे आभार. परवाना लागणारे व्यवसाय आणि न लागणारे व्यवसाय यांची वाट पहिल्या दिवसापासून वेगळी असते, आणि इथे गल्लत झाली तर महिनेच्या महिने वाया जातात. नेहमीची गल्लत ही, की पदवीच्या समकक्षतेचा अहवाल हाती आला म्हणजे परवाना मिळाला असं माणूस धरून चालतो. तो अहवाल तुमचं शिक्षण इथल्या कोणत्या पायरीला बसतं एवढंच सांगतो. परवाना देणारी संस्था वेगळी, तिची परीक्षा वेगळी, भाषेची अट वेगळी, आणि अनेकदा देखरेखीखालच्या कामाची अटही. सगळ्यात वेळ खातात ती कागदपत्रं. गुणपत्रिका कित्येकदा विद्यापीठाकडूनच थेट, सीलबंद किंवा ऑनलाइन यावी लागते. उमेदवाराने स्वतः पाठवलेली चालत नाही. पासपोर्टवरचं नाव, पदवीवरचं नाव आणि लग्नानंतरचं नाव जुळत नसेल तर फाइल तिथेच थांबते. म्हणून तुम्ही पहिल्याच भेटीत विचारता: विद्यापीठाला पत्र गेलं का, तिन्ही कागदांवर नाव सारखं आहे का, विषयवार अभ्यासक्रमाची प्रत मागवली का? बाकीची तयारी समांतर होऊ शकते. हे काम आधी सुरू झालंच पाहिजे.

नियम बदलतात तिकडेही तुमचं लक्ष असतं. जर्मनीत 2012 पासून परदेशी व्यावसायिक पात्रतेची तपासणी करून घेण्याचा हक्क कायद्याने आहे, आणि परवान्याच्या व्यवसायांत कागद पूर्ण झाल्यापासून सहसा 3 महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये इंजिनिअरिंगच्या परवान्यासाठी लागणारी कॅनडातल्याच अनुभवाची अट मे 2023 मध्ये निघाली. जुन्या ऐकीव माहितीवर एखादा इंजिनिअर अर्जच करत नसेल, तर त्याला संस्थेच्या संकेतस्थळावरचं ताजं पान उघडून दाखवणारे तुम्हीच. आणि परवाना येईपर्यंत नुसतं थांबायचं नाही, जवळच्या कामात शिरायचं, हेही तुम्हीच सांगता: डॉक्टरने क्लिनिकल संशोधनात किंवा आरोग्याच्या माहितीच्या कामात, फार्मासिस्टने सहायकाच्या जागेवर, इंजिनिअरने परवानाधारकाच्या देखरेखीखाली. व्यवसायापासून पूर्ण तुटलेली वर्षं मुलाखतीत फार जड जातात.

बायोडेटाबद्दल थोडक्यात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनसाठी फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काढायची. दोन पानांत संपवायचं. अनोळखी कंपनीच्या नावाखाली ती काय करते आणि केवढी आहे ते एका ओळीत लिहायचं. दोन रकान्यांची मांडणी, तक्ते, पानाच्या माथ्यावरच्या पट्टीत लिहिलेला फोन नंबर या गोष्टी अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हरवू शकतात. जाहिरातीत कामाला जो शब्द आहे तोच वापरायचा, अर्थात ते काम खरोखर केलं असेल तरच. तुमच्यापैकी जे स्वतः बसून बायोडेटा लिहून देत नाहीत, त्यांचे इथे वेगळे आभार. ते अवघड असतं, कारण तुम्ही तो अर्ध्या तासात उत्तम लिहू शकता. पण दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्याची बाजू मुलाखतीत मांडता येत नाही. दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. लाल पेनाने खुणा करून परत देणारा मेंटॉर आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

सराव मुलाखतींसाठी तर तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. निदान दोन हव्यात, आणि दुसरी अनोळखी सहकाऱ्याने घ्यावी, हा तुमच्यातल्याच काहींचा आग्रह आता आम्ही सगळ्यांना सांगतो. दिसणारे दोष ठरावीक असतात. ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटल्यावर उमेदवार शाळेपासून सुरुवात करतो. हवं असतं दीड मिनिटात आजचं काम, त्याआधीचा महत्त्वाचा टप्पा आणि ही जागा का. दुसरा दोष जास्त खोल आहे: प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’. ज्यांना मोठेपणा न मिरवण्याचे संस्कार मिळालेत त्यांना ‘हे मी केलं’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला तर तेवढंच ऐकायचं असतं. तुम्ही त्यावर चांगली तोड काढलीत. परिस्थिती आणि जबाबदारी दोन-तीन वाक्यांत, उत्तराचा निम्म्याहून जास्त वेळ स्वतः काय केलं त्यावर, आणि शेवटी मोजता येईल असा परिणाम. सगळं मिळून दोन मिनिटं. संघाचं श्रेय संघाला, आपला वाटा आपल्याला. असं सांगितलं की कोणालाच खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

आता ओळखींबद्दल. 1973 मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवून दिलं की नोकरीची बातमी बऱ्याचदा जिवलगांकडून न येता लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नव्या देशात आलेल्या माणसाकडे नेमक्या याच लांबच्या ओळखी नसतात. त्यात टोरांटोमध्ये फिलिप ओरिओपूलस यांनी हजारो बायोडेटा पाठवून केलेला, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पात्रता सारखी असूनही परकं नाव असलेल्यांना कमी बोलावणी येतात. म्हणजे बायोडेटा कितीही घासूनपुसून लखलखीत केला तरी एक अडसर उरतोच, आणि तो दूर करायला कोणीतरी समोरासमोर ओळख करून द्यावी लागते. त्याच टोरांटो भागात 2003 मध्ये ट्रिएक ही, बाहेरून आलेल्यांना त्यांच्या व्यवसायात काम मिळावं म्हणून झटणारी संस्था उभी राहिली आणि तिने मेंटॉरिंगलाच हाताशी धरलं, ते आम्हाला योग्य वाटतं.

पण ओळख करून देण्यातही तुम्ही शिस्त पाळलीत. आधी मेंटीला, म्हणजे तुम्ही ज्याला मार्गदर्शन करता त्याला, वीस मिनिटांच्या माहिती-भेटीसाठी तयार केलंत: पाच-सहा प्रश्न लिहून न्यायचे, नोकरी मागायची नाही, वेळ संपली की आपणहून उठायचं, ‘आणखी कोणाशी बोलू?’ हे विचारायचं आणि चोवीस तासांच्या आत आभाराचे चार शब्द पाठवायचे. आणि शिफारस? ती तुम्ही ज्याचं काम पाहिलं त्याचीच केलीत. बाकीच्यांची नुसती ओळख करून दिलीत आणि दोन्हींतला फरक मेंटीला स्पष्ट सांगितलात. त्यामुळेच तुमच्या शब्दाला आजही वजन आहे.

जोड्या कशा तुटतात हेही इथे लिहायला हवं, कारण तुम्ही किती जोड्या तुटू दिल्या नाहीत हे त्यावरूनच कळतं. दोन भेटी लागोपाठ रद्द झाल्या की तिसरी बहुधा होत नाही; मेंटी संकोचाने पुन्हा वेळ मागत नाही. दीड-दोन महिन्यांनी नकारांचा ढीग साचतो, आणि माणूस ‘काही प्रगती नाही, उगाच त्यांचा वेळ कशाला घ्या’ असं म्हणून गप्प होतो. तेव्हा फोन तुम्ही केलात. रात्रपाळी करून पोट भरणाऱ्यांसाठी सकाळी सातची वेळ दिलीत. मेंटी आदरापोटी प्रत्येक गोष्टीला ‘हो सर, हो मॅडम’ म्हणतो आणि समजलेलं काहीच नसतं, हे ओळखून ‘आता हे तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणालात. स्वतःची माहिती जुनी असू शकते हे मान्य करून अलीकडेच नोकरीला लागलेल्या सहकाऱ्याला एका भेटीला सोबत आणलंत.

नाही म्हणण्यासाठीही आभार. पहिल्या भेटीत भेटींची संख्या, वेळ, उद्दिष्ट आणि काय करणार नाही हे कागदावर घेतलंत: नोकरीची हमी नाही, उसने पैसे नाहीत, व्हिसाचा सल्ला नाही. व्हिसाचे प्रश्न अधिकृत सल्लागाराकडेच गेले पाहिजेत. अनेक देशांत तो सल्ला द्यायलाही परवाना लागतो, आणि चांगल्या मनाने दिलेल्या चुकीच्या सल्ल्याने एखाद्याचा तिथे राहण्याचा हक्कच धोक्यात येऊ शकतो.

नोकरी लागल्यावर काम संपलं असं समजून आम्ही पूर्वी फाइल बंद करायचो. परिवीक्षेच्या काळात भेटी चालू ठेवायला तुम्ही सुचवलंत. बैठकीत गप्प बसलेला माणूस विचार करतोय की त्याला काही सांगायचंच नाही, हे साहेबाला कळत नाही. म्हणून बैठकीआधी एक मुद्दा लिहून न्यायचा आणि पहिल्या दहा मिनिटांत मांडायचा. महिन्याअखेरीस ‘मी काय वेगळं करू?’ असं स्वतःहून विचारायचं. एवढ्याशा सूचना, पण त्या वेळेवर देणारं कोणीतरी लागतं.

ज्यांच्या मेंटीला मुदत संपेपर्यंत मनासारखं काम मिळालं नाही, त्या मेंटॉरना हे पत्र विशेष करून. तुमच्यातले बरेच जण ‘आमच्याकडून काही झालं नाही’ असं म्हणत निरोप घेतात. तुमच्या जोडीच्या नोंदीत कागदपत्रं पोहोचलेली आहेत, परीक्षेचा अर्ज भरलेला आहे, बायोडेटा उभा आहे, व्यवसायातली चार माणसं मेंटीला नावाने ओळखतात. पुढचा मेंटॉर तिथून सुरुवात करेल. एकच विनंती: शेवटच्या भेटीनंतर अर्धं पान लिहून आमच्याकडे द्या. कुठपर्यंत आलं, कोणता कागद कोणाकडे अडला आहे, मुलाखतीत कोणता प्रश्न अजून जड जातो.

मनापासून कृतज्ञ,
समन्वयक मंडळ